मालकांची डावी भुवई

आमच्या मालकांना डावी भुवई नव्हती. उजवी होती, आणि ती दोघींच्या वाटणीचं एकटीच खाऊन वाढल्यासारखी दाट होती. डाव्या जागी नुसती गुळगुळीत, जराशी चकाकणारी कातडी. त्यामुळे त्यांचा अर्धा चेहरा कायम रागावलेला आणि अर्धा कायम चकित झालेला दिसे. भाडेकरूंशी बोलताना ते प्रसंगाप्रमाणे हवी ती बाजू पुढे करत.

भुवई कशी गेली, हे ते प्रत्येकाला वेगळं सांगत. मला याद्या करायची सवय आहे. चाकणच्या एका ऑटोपार्टच्या कंपनीत मी सतरा वर्षं स्टोअर सांभाळलं. जी वस्तू कागदावर नाही ती जगातच नाही, असं मानायची शिस्त तिथं लागते. म्हणून मालकांच्या भुवईचीही यादी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे. एक : लहानपणी कोंबड्यानं टोचून नेली. दोन : न्हाव्याला ऐन वेळी शिंक आली. तीन : देवीला वाहिली. चार : घाटात एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. पाच : बायकोला आवडत नव्हती. ही पाचवी नोंद मालकीणबाईंच्या समोरच झाली. मेथी निवडताना मान वर न करता त्या म्हणाल्या, "मला तर सगळाच मानूस पसंत न्हवता. भुवईपासून सुरवात केली."

खरं कारण मला एकदाच कळलं. एका शनिवारी दुपारी, साठ माणसांचं जेवण अर्धवट अडकलेलं असताना.

मालक मूळचे पुनावळ्याचे. त्यांच्या वडिलांच्या भातखाचरांवर आता वीस-वीस मजले उभे आहेत. मालकांकडे उरलं होतं ते हायवेजवळचं एक आवार. त्यात त्यांचं कौलारू घर, एक चिंचेचं झाड आणि पत्र्याच्या दोन शेड. एका शेडमध्ये सलीमभाईंचं गॅरेज होतं. दुसरी शेड बघायला मी गेले, तेव्हा माझ्याजवळ चौदा प्रश्नांची यादी होती. पाण्याची वेळ, गटार, विजेचं मीटर, पार्किंग. मालक चिंचेखाली लोखंडी स्टुलावर बसले होते. त्यांनी माझे चौदाही प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि उत्तर एकाचंही न देता स्वतःचा एकच विचारला.

"जाळ कशाचा करनार?"

मी नोकरी सोडून घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घ्यायचा विचार सांगितला. गॅस, म्हटलं. त्यांनी चकित बाजू पुढे केली. "मग शेड तुमची. पन दर एक तारखेला म्या साबनाचं पानी घिऊन येनार."

मला वाटलं, काही देवाधर्माचं असेल. एक तारखेला ते खरोखरच वाटीत साबणाचं पाणी घेऊन आले. गॅसच्या नळीला, रेग्युलेटरला, प्रत्येक सांध्याला बोटानं फेस लावून तो फुगतो का ते बघत बसले. फुगला नाही. "पास," म्हणाले आणि उरलेलं पाणी घेऊन सलीमभाईंच्या वेल्डिंगच्या सिलेंडरकडे गेले.

तीस वर्षं त्यांनी फोर्जिंगच्या, म्हणजे तापलं लोखंड घडवायच्या, कारखान्यात भट्टीवर काढली होती. निवृत्त होताना कंपनीनं शाल आणि घड्याळ दिलं. ते दोन्ही कपाटात होतं. अंगावर होतं ते वेगळंच : धोतराखाली सेफ्टी शूज आणि गळ्यात दोऱ्यानं बांधलेली निळी काच. भट्टीच्या आत बघायला भट्टीवाले ती वापरतात. मालक त्या काचेतून जे जे तापलेलं असेल ते ते बघत. चहावाल्याचा स्टोव्ह, सलीमभाईंचं वेल्डिंग, एकदा लग्नात होम. भटजींनी तक्रार केली, तेव्हा मालक म्हणाले, "तूप जरा कमी सोडा, जाळ पिवळा पडतोय."

ग्रिल आलं ते त्यांच्या जावयामुळे. जावई काही वर्षं परदेशात होते. परत येताना सामानाबरोबर त्यांनी हे यंत्रही आणलं. आडवं पडलेलं काळं पिंप असावं तसा त्याचा आकार. एका बाजूला झाकणाचा डबा. त्यात लाकडाचा भुसा दाबून केलेल्या करंगळीएवढ्या गोळ्या भरायच्या. विजेवर फिरणारा लांब स्क्रू त्या गोळ्या थोड्या थोड्या करून आतल्या लोखंडी वाटीत ढकलतो, वाटीत त्या पेटतात, पंखा हवा देतो. बटणावर आकडा लावला की यंत्र तेवढीच धग राखतं. जावयांना ते चौदाव्या मजल्यावरच्या गॅलरीत ठेवायचं होतं. सोसायटीनं हरकत घ्यायच्या आधी ती सासऱ्यांनीच घेतली. वर स्लॅब, बाजूला पडदे, खाली लोकांची वाळत घातलेली अंथरुणं. "तितं पेटवलंत तर म्या सवता अग्निशमनाला फोन करीन," असं ते जावयांना सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले. जावई त्या दिवसापासून सासऱ्यांशी जपून बोलतात. यंत्र आवारात आलं.

मालक माळकरी. मांसाचा वाससुद्धा त्यांना चालत नसे. त्यांनी त्यावर वांगी भाजली, रताळी भाजली, आणि एका रविवारी मला बोलावून एक कणीस हातात दिलं. ते कणीस खाताना मला जे सुचलं ते मी तिथंच वहीत लिहिलं. टॉवरमधल्या लोकांना शनिवार-रविवार हे हवं होतं. पनीर, कणीस, कोंबडी. गॅसवर जे होत नाही ते यावर होत होतं.

मालकांनी ग्रिल दिलं, पण अट घालून. "जाळ माझ्या हुकमानं पेटनार, माझ्या हुकमानं विजनार. आनि कोंबडी भाजताना वारं कुनीकडून येतंय ते मला आदी सांगायचं." पुढची दीड वर्षं ते दर वेळी वाऱ्याच्या उलट बाजूला स्टूल मांडून, नाकाला उपरण्याचं टोक लावून आमच्या कोंबडीची राखण करत बसले.

त्यांच्याकडे दहा फुटांचा एक बांबू होता. पेटवायच्या आधी ते ग्रिलच्या मधोमध उभे राहून तो बांबू चारी बाजूंना फिरवत. बांबूला जे लागेल ते हलवायचं. कपड्यांची दोरी, गिऱ्हाइकाची मोटारसायकल, एकदा सलीमभाईंनी दुरुस्तीला घेतलेली आख्खी रिक्षा.

"चाचा, तिचं इंजिन बाहेर आहे, ती हलणार कशी?" सलीमभाईंनी विचारलं.

"मग आज कोंबडी न्हाई."

सलीमभाईंना कोंबडी हवी होती. रिक्षा ढकलली.

गोळ्यांना ते लेंड्या म्हणत. दिसायच्याही तशाच. पोत्यातली एक घेऊन कानाशी धरत आणि मोडत. कट् असा आवाज आला तर कोरडी. नुसताच भुगा झाला तर अख्खं पोतं बाजूला. एकदा एक व्यापारी फार आग्रह करायला लागला. चाकणला कंपन्यांमध्ये मशिनरी ज्या लाकडी खोक्यांतून येते त्या खोक्यांचा भुसा करून तो बॉयलरसाठी गोळ्या बनवायचा. मालकांनी एक मोडली, हुंगली आणि परत त्याच्या खिशात घातली. "यात रंग हाय, गोंद हाय आनि खिळ्याचा गंज हाय. बॉयलरला दात नसत्यात, त्यो खाईल. मानसं न्हाई खानार."

पण त्यांचा खरा आग्रह होता तो विझवण्यावर. काम संपलं की माझा नवरा घाईनं विजेची पिन काढायला जायचा. ग्रिल बंदचं बटण दाबल्यावरही त्याचा पंखा बराच वेळ चालू राहतो, वाटीतल्या उरलेल्या गोळ्या जाळून संपवतो. मध्येच वीज काढली तर धग स्क्रूवरून मागे मागे सरकत गोळ्यांच्या डब्यापर्यंत जाऊ शकते. हे मी आता एका दमात सांगते. मालकांनी ते असं सांगितलं : "आग पाव्हनी हाय. आली तवा हात जोडलेत ना? मग जाताना फाटकापतुर सोडायला जा. ती वळनाआड गेल्याबिगर दार लावायचं न्हाई."

माझ्या नवऱ्यानं एकदा तरी दार लावलंच. म्हणजे राखेच्या बाबतीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गार दिसणारी राख प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात ओतली. तासाभरात डब्याला खाली भगदाड पडलं आणि तो एका अंगानं खाली बसला. मालक चिडले नाहीत. त्यांनी तो वितळलेला डबा धुतला, पुसला आणि आवाराच्या फाटकावर टांगला. येणारं जाणारं माणूस विचारायचं, हे काय? मालक माझ्या नवऱ्याकडे बोट करून म्हणायचे, "त्यांना इचारा, कलाकार त्ये हायेत." तीन महिने तो डबा तिथं होता. तेव्हापासून राख झाकणाच्या लोखंडी बादलीत जाते, आणि ती नवरा स्वतः नेतो.

शिवाय कवायत असे. दुपारच्या कुठल्याही वेळी, ग्रिल बंद असताना, मालक स्टुलावरूनच थंड आवाजात म्हणत, "तूप पेटलं." कोंबडीच्या चरबीला ते तूपच म्हणत. मग आम्ही काय करतो ते बघत. पहिल्या वेळी मी पाण्याची बादली घेऊन धावले. "नापास. चरबीच्या जाळावर पानी वतलंत, आता सगळा जाळ तुमच्या पदराला." सलीमभाईंनी झाकण उघडून आत डोकावून बघितलं. "डबल नापास. हवा दिलीत." बरोबर उत्तर होतं : झाकण बंद, बटण बंद, आपण दूर. दुसऱ्या वेळी मी पास झाले. माझा नवरा पळून गेला होता, त्यालाही त्यांनी अर्धे मार्क दिले. "दूर गेले ह्ये खरं, पन झाकन कोन लावनार?"

आता माझ्यासारख्या बाईला हे सगळं तोंडी चालणं कसं सहन होणार? मी दहा कलमांची यादी केली. अंतर, वाटीतली राख साफ, चरबीचा ट्रे साफ, गोळ्यांची पातळी तपासणे, पेटवताना झाकण उघडं, आणि असं पुढे. लॅमिनेशन करून आणली. मालकांनी ती हातात धरून निळ्या काचेतून वाचली.

"अक्षर झकास. दारावर लावा."

"दारावर कशाला? ग्रिलजवळ लावते ना."

"आगीपाशी हुबं ऱ्हाऊन कोन वाचत बसलंय? घरनं वाचून यायचं. आनि यात हात न्हाई."

"कसला हात?"

"रोज डब्यात कोपरापतुर हात घालायचा. खालच्या लेंड्या हाताला कळत्यात. वरनं बगून न्हाई कळत."

मी म्हटलं, पातळी तपासणे हे कलम चार आहेच. स्टोअरमध्ये असताना मी 'हात घालणे' असलं कलम कुणाच्या कागदावर खपवून घेतलं नसतं. मालकांनी रागीट बाजू पुढे केली, पण वाद घातला नाही. तेव्हापासून मात्र ते मला यादीबाई म्हणायला लागले.

खंडेनवमीला आमच्या सगळ्या पट्ट्यात यंत्रांची पूजा होते. लेथला झेंडूच्या माळा, फोर्कलिफ्टला हळदकुंकू, कंपनीच्या बसच्या चाकाखाली लिंबू. मी स्टोअरमध्ये असताना वजनकाट्याची पूजा करायचे. सलीमभाईही दरवर्षी कंप्रेसरला हार घालतात, म्हणतात, हा चालला तर घर चालतं, याच्याशी आपलं भांडण नाही. तेव्हा त्या वर्षी ग्रिलची पूजा होणार हे उघड होतं. माळ घातली, चिमणीला कुंकू लावलं. गोळ्यांनाही लावावं म्हणून मी डब्याचं झाकण उघडलं, हळदकुंकू वाहिलं, वर चार फुलं ठेवली. नवऱ्यानं नारळ फोडला. कुठं फोडायचा म्हणून इकडंतिकडं बघितलं, तर डब्याची लोखंडी कड समोर होती. एका फटक्यात दोन शकलं. पाणी कुठं गेलं ते कुणी बघितलं नाही. प्रसाद वाटण्याच्या गडबडीत होतो.

मालक त्या वेळी चार दिवसांसाठी चिंचवडला लेकीकडे गेले होते.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी मला आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर होती. चाकणच्या एका कंपनीत वर्षभर एकही अपघात झाला नव्हता, त्याचा समारंभ. साठ माणसं, संध्याकाळी सात. कंपनीचे सेफ्टी ऑफिसर मला म्हणाले होते की आवडलं तर दर महिन्याला प्रत्येक शिफ्टचं जेवण तुमच्याकडे. आणि दुसऱ्या बाजूला स्टोअरमधले माझे जुने साहेब म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत तुमची खुर्ची रिकामी ठेवतो. मग मात्र भरावी लागेल." म्हणजे हिशेब सोपा होता. हे जेवण वेळेवर आणि चांगलं गेलं, तर माझं काम माझं. नाही गेलं, तर दिवाळीनंतर सकाळी सहाची कंपनीची बस. त्या खुर्चीत परत जायचं माझ्या मनात अजिबात नव्हतं.

मालक अजून परतले नव्हते, पण थांबायला वेळ नव्हता, म्हणून तीनला आम्हीच पेटवलं. दहाही कलमं पाहिली. पातळी कमी वाटली म्हणून वरून नवं पोतं ओतलं. तासभर सगळं ठीक चाललं. कणसं झाली, पनीर झालं, कोंबडीची पहिली खेप चढली. सव्वाचारला धगीचा आकडा उतरायला लागला. चिमणीतून निळसर पातळ धूर यायचा, तो पांढरा, जाड आणि पिवळट झाला. मग आकडा उतरतच गेला आणि यंत्र बंद पडलं.

नवऱ्यानं बंद करून परत चालू केलं. स्क्रूचा आवाज आला, आग नाही आली. आणखी धूर. त्यानं दुसऱ्यांदा केलं. तेच. मी घड्याळ बघितलं, त्याला बाजूला सारलं आणि बटणावर बोट ठेवलं.

"हात काडा."

मालक त्याच दुपारी चिंचवडहून परतले होते. पिशवी अजून खांद्याला होती. ते धावले नाहीत. एका हातानं स्टूल उचलून आणलं, माझ्या आणि ग्रिलच्या मध्ये ठेवलं आणि त्यावर बसले. अंगानं ते बारीक होते, पण बसले की आवारातलं झाडसुद्धा त्यांच्यापेक्षा हलकं वाटायचं.

"मालक, साठ माणसं आहेत. सात वाजता."

"व्हय."

"एकदा लावून बघू. नाही लागलं तर ठेवू."

"किती खेपा लावलं?"

"दोन."

"म्हंजी वाटीत तीन खेपंच्या लेंड्या हायेत, न पेटलेल्या. आनि पिंपात धूर कोंडलाय. त्यो धूर न्हवं, त्यो न जळलेला जाळच हाय. आता बटन दाबलंत आनि ठिनगी पडली, तर समदं एकदम पेटल. झाकन तुमच्या तोंडावर येईल." आत जाळच उरला नव्हता, म्हणून त्यांनी मागे हात करून सरळ वीज बंद केली. "झाकन उगडायचं न्हाई. बटन दाबायचं न्हाई. विजलं की बसायचं."

"किती वेळ?"

"पिंपाला हात लावता येईपतुर."

सलीमभाई गॅरेजमधून हात पुसत आले. त्यांनी एकदा मालकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "भाभी, चाचा आता उठत नाहीत. मी चहा सांगतो."

मी तेव्हा काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. माझी नोकरी, माझी सतरा वर्षं, तुमचं काय जातंय, तुम्हाला तर कोंबडीचं पहिल्यापासूनच वावडं आहे, असं सगळं बोलले. मालक ऐकत होते. मग त्यांनी डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"ही कशी गेली, ठावं हाय?"

"न्हाव्याला शिंक आली," मी चिडून म्हटलं.

"आमच्या भट्टीला तेलाचा बर्नर होता. चालता चालता विजला. कायदा असा की आदी पंखा लावून भट्टी मोकळी करायची, मंग पेटवायची. धा मिन्टं जात्यात. त्या दिशी माल मागं पडला व्हता. साहेब घड्याळ घिऊन हुबा. म्या म्हनलं, कशाला धा मिन्टं, लगीच पेटतंय. पेटलं. दारच उडालं. माझी भुवई गेली. माझा जोडीदार बाजूला हुबा व्हता, त्याची मिशी गेली आनि हाताची कातडी गेली. आठ दिसांनी त्याचं लगीन व्हतं."

"मग?"

"लगीन झालं. पेन्शिलीनं मिशी काडली व्हती. फोटूत बरी दिसती. पन हळद लावाय एकच हात मोकळा व्हता, दुसऱ्याला पट्टी. त्यो मला काय बोलला न्हाई. आजपतुर बोलला न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं." त्यांनी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. "दार दोन इंच जास्त उगडं असतं तर लगीनच न्हवतं. धा मिन्टासाठी."

मी पालथी बादली घेतली आणि त्यांच्याशेजारी बसले. नवराही बसला. सलीमभाईंचा चहा आला. चौघं जण एका काळ्या पिंपासमोर रांगेनं बसलो होतो आणि पिंप हळूहळू धूर सोडत होतं.

चहा संपल्यावर मी सेफ्टी ऑफिसरना फोन लावला. खोटं कारण सुचत होतं, ट्रॅफिकचं. चाकणच्या रस्त्यावर ते कुणालाही पटलं असतं. पण मी खरं सांगितलं : ग्रिल विझलंय, तासभर उशीर होईल.

"मॅडम, साठ लोक आहेत. परत पेटवा ना लगेच."

मालकांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"साहेब, वाटीत न जळलेला माल साठलाय. मोकळी केल्याबिगर पेटवनार न्हाई." मग पलीकडचं ऐकत राहिले. "व्हय, फोर्जिंगला. तीस वर्सं. न्हाई, तेलाची. व्हय, आदी भट्टी मोकळी करायची, पर्ज, त्येच." आणखी ऐकलं. "बरं," म्हणाले आणि फोन परत दिला.

"काय म्हणाले?"

"म्हनले, बसा. तोपतुर त्ये भाषनं वाडवत्यात."

पाचच्या सुमाराला पिंप हाताला गार लागलं. मालकांनी मला मागे उभं करून स्वतः बाजूनं झाकण उघडलं. वाटी शिगोशीग भरली होती. सलीमभाईंनी लोखंडी पळीनं सगळं बादलीत काढलं, डबा उपसला, मोटर सोडवून पान्यानं स्क्रू उलटा फिरवला. आतून फुगलेल्या भुशाचा एक ठोकळा निघाला, वाळून विटेसारखा झालेला. मालकांनी तो उचलला, मोडला आणि निळी काच डोळ्याला लावली. आत झेंडूची एक पाकळी होती. जरासं कुंकू होतं.

"नारळ कोनी फोडला?"

नवरा चिंचेच्या झाडाकडे बघायला लागला.

"देवाला पानी पाजलंत, ब्येस केलंत," मालक म्हणाले. "आगीला कशापायी पाजलंत?"

ग्रिलवर अर्धीकच्ची राहिलेली कोंबडीची खेप मी टाकून दिली. उरलेली बर्फात होती, शिवाय मी नेहमी दहा माणसांचं जास्त धरते. नवीन पोत्यातली एक गोळी मालकांनी कानाशी मोडली. कट्. मी डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळ चाचपला. मग झाकण उघडं ठेवून मीच पेटवलं. थोड्या वेळानं चिमणीतून पातळ निळा धूर निघाला, तो बघून मालकांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं आणि स्टूल वाऱ्याच्या उलट बाजूला नेलं.

आम्ही कंपनीत पोचलो तेव्हा सव्वाआठ वाजले होते. आत कुणीतरी सुरक्षेवर बोलत होतं आणि बाकीचे त्याच्याकडे उपाशी माणसं बघतात तसे बघत होते. सेफ्टी ऑफिसर स्वतः डबे उतरवायला आले. लोकांनी पनीरपासून कणसापर्यंत सगळं साफ केलं. भुकेल्या माणसांच्या शिफारशीवर मी फार विसंबत नाही, त्यामुळे निकालाची वाट बघत कोपऱ्यात उभी राहिले.

"गेटच्या आत जाळ आणायला मी आजवर कुणाला परवानगी दिलेली नाही," सेफ्टी ऑफिसर म्हणाले. "तुम्ही पुढच्या महिन्यापासून ग्रिल इथंच घेऊन या. गरम वाढा. फक्त ते फोनवर बोलले ते काका बरोबर आणा."

दिवाळीच्या आधी मी जुन्या साहेबांना फोन करून खुर्ची भरून टाका म्हणून सांगितलं.

आता ते आवार राहिलेलं नाही. तिथंही वीस मजले होत आहेत. सलीमभाईंचं गॅरेज रस्त्याच्या पलीकडे गेलं. मी चाकणला मोठी जागा घेतली, दोन ग्रिल झाली. मालक-मालकीणबाई चिंचवडला लेकीकडे चौदाव्या मजल्यावर राहतात. घरात इंडक्शनची शेगडी आहे, त्यामुळे निळ्या काचेतून बघण्यासारखं काही नाही. मालकीणबाई सांगत होत्या की दर एक तारखेला ते साबणाचं पाणी घेऊन सोसायटीतल्या बाकीच्या घरांची बेल वाजवतात. पहिल्या महिन्यात लोक घाबरले. आता चहा ठेवतात.

आवार सोडताना त्यांनी मला बांबू दिला आणि स्टूल दिलं. माझी यादी आता अकरा कलमांची आहे. चौथं कलम 'हात' असं एवढंच आहे. अकरावं मी आधी असं लिहिलं होतं : 'ग्रिल अनपेक्षित विझल्यास पूर्ण थंड होईपर्यंत प्रतीक्षा करून वाटी रिकामी करावी व मगच पुन्हा प्रज्वलित करावे.' मालकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "ह्ये वाचून हुईपतुर मानूस दोन डाव बटन दाबल." मग त्यांच्याच शब्दांत लिहिलं : 'विजलं की बसायचं.' यादी दारावर लावली आहे. स्टूल ग्रिलसमोर असतं.

गेल्या महिन्यात ते जागा बघायला आले होते. बांबू फिरवून झाला, राखेची बादली बघून झाली. आणि नेमकं त्यांच्यासमोर एक ग्रिल विझलं. माझ्याकडे नव्यानं कामाला लागलेल्या एक बाई आहेत, त्यांचा हात बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी वीज बंद केली, स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. मी बादली पालथी केली. मालकांनी गोळ्यांचं एक न फोडलेलं पोतं ओढून घेतलं आणि आमच्या रांगेत बसले. मालकांची चकित बाजू माझ्याकडे होती, त्यामुळे ते खूश आहेत की नाहीत ते कळत नव्हतं.

थोड्या वेळानं त्या बाई न राहवून म्हणाल्या, "बाबा, एक विचारू? ही भुवई कशी गेली?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी ग्रिलकडे बघितलं.

"मुंगसानं खाल्ली," ते म्हणाले.

घरी आल्यावर मी वहीचं शेवटचं पान काढलं आणि सहावी नोंद केली.